आमच्या घरची डिस्क कोण खात होतं

गेल्या वर्षी सोयाबीन निघून कापूस वेचणीला आला होता, त्या सुमारास एका रविवारी सकाळी आमच्या घरच्या कॉम्प्युटरनं मला कळवलं की आता जागा नाही.

मी दिग्रसला एका शाळेत मराठी शिकवते. म्हणजे नियुक्तीच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात मी माहिती भरते. किती मुलांना चष्मा आहे, कितींची उंची वाढली, कितींनी जंताची गोळी गिळली, आणि गिळताना काढलेला फोटो. त्या रविवारी मुख्याध्यापकांचा 'अतितात्काळ' निरोप आला होता, की मागच्या पावसाळ्यात शाळेनं लावलेल्या झाडांचे आजचे फोटो दुपारपर्यंत पाठवा. त्यातलं एकही झाड जगलेलं नव्हतं. ती अडचण मी शेजाऱ्यांच्या कडुनिंबाचे सात बाजूंनी फोटो काढून सोडवली होती. पण फोटो फोनमधून कॉम्प्युटरवर घ्यायला गेले तर पडद्यावर पाटी आली, डिस्क भरली आहे.

मला ते खरंच वाटेना. कॉम्प्युटर एक टीबीचा. घेताना दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, तुमच्या जन्मात भरत नाही." मी स्वतःकडे पाहिलं. जन्म अजून बराच शिल्लक होता.

आमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या ले-आउटमधलं. घरात आम्ही चार माणसं. नवरा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, एका कानानं कमी ऐकू येतं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाचायलाही त्रास होतो. चौथ्या सासूबाई, ज्यांचं सगळं शाबूत आहे. लेक नागपूरला नर्सिंग शिकते. कॉम्प्युटर मधल्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगासमोर. त्याच्या डोक्यावर शाळा ऑनलाइन होती त्या काळातला कॅमेरा अजून बसवलेला आहे. तो आपल्याला झोपेत पाहतो असा सासूबाईंचा संशय होता, म्हणून त्यांनी त्याच्या डोळ्यावर एक मोठी टिकली चिकटवून टाकली होती. त्याला कानही असतो, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मी नवऱ्याला हाक मारली. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि स्टँडवर भरलेल्या गाडीकडे पाहावं तसा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"तुह्या शाळेचीच भरती हाय सारी," तो म्हणाला. "ते झाडं, ते गोळ्या, ते गॅदरिंगचे नाच. कायले ठेवते इतकं?"

"आणि तुमच्या ग्रुपवरचे सुविचार? रोज सकाळी पन्नास येतात."

"ते फोनात असतात."

"फोन भरला की कॉम्प्युटरात कोण ओततं?"

दुपारपर्यंत आम्ही एकमेकांच्या फायली पुसल्या. स्वतःच्या पुसायला जीव होत नव्हता, दुसऱ्याच्या भराभर पुसता येत होत्या. त्यानं माझं तीन वर्षांचं स्नेहसंमेलन उडवलं. मी त्याच्या डेपोतल्या चार साहेबांचे निरोप समारंभ उडवले, ज्यात चारही वेळा तेच भाषण त्याच माणसानं केलं होतं. शेवटी चाळीस जीबी जागा झाली. कडुनिंब शासनदरबारी पोचला. मला वाटलं, संपलं.

पुढच्या रविवारी ती चाळीस जीबी गेलेली होती.

आता मला राग आला. पुन्हा काही फायली पुसून साठेक जीबी जागा केली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी शिल्लक जागेचा आकडा लिहायला सुरुवात केली. सासूबाईंना वाटलं मी कोणाचं तरी बीपी लिहिते आहे. "इतकं खाली चाललं, डॉक्टरले दाखवत काहून नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

आठ-दहा दिवसांत दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, साध्या दिवशी चार-पाच जीबी जात आणि ज्या दिवशी आम्ही नवरा-बायको डिस्कवरून भांडत असू त्या दिवशी नऊ. दुसरी, कळंबला वास्तुपूजनाला आम्ही चौघंही दोन दिवस गेलो होतो, तेव्हा कॉम्प्युटर सुरूच राहिला होता आणि तरी आकडा जागचा हलला नव्हता.

"म्हणजे आपण घरी असलो की खाते," नवरा म्हणाला.

"मंग आपल्यातलंच काही खाऊन राह्यलं ते," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. आम्ही हसलो. पुढं दोन आठवडे आम्ही जे जे काही केलं, त्यात इतकं बरोबर दुसरं कोणी बोललं नाही.

शेवटी नवऱ्यानं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला आणलं. पन्नाशीचा गृहस्थ. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आणि टीव्ही भिंतीला चिकटल्यापासून कॉम्प्युटर. पद्धत रेडिओच्याच काळातली, आधी थोपटायचं, मग कान लावायचा. त्यानं आमच्या सीपीयूच्या डब्याला चार थापा मारल्या आणि म्हणाला, "भरेल आहे. आवाजच सांगते."

मग त्यानं ब्लोअर लावून आतली सगळी धूळ सासूबाईंच्या पांघरुणावर उडवली, खुर्चीत बसला आणि एकेका फोल्डरचं वजन करू लागला. सगळं मिळून दोनशे जीबीच्या आत भरलं. डिस्क म्हणत होती सव्वानऊशे.

"मग बाकीचे सातशे कुठं गेले?" मी विचारलं.

"सिस्टमनं घेतले, मॅडम. आत व्हायरस बसला की तो पिल्ले देते. ते पिल्ले दिसत नाहीत, जागा खातात."

"मग आता?"

"आता डिस्कच बदला लागते. ही गेली."

एवढा मोठा निर्णय, म्हणून आम्ही नवरा-बायको चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सल्लामसलतीला गेलो. चहा घेऊन आलो तेव्हा तो फोन खिशात ठेवत होता. रविवारी नवीन डिस्क घेऊन येतो, म्हणाला. तो गुरुवार होता.

रविवारी तो यायच्या आधी कामाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्याव्या म्हणून मी कॉम्प्युटरसमोर बसले. पडदा उजळला. खाली कोपऱ्यात माझं नाव असलेला गोल असतो, त्यावर टिचकी मारली की आत जाता येतं. त्या गोलाखाली दुसरा एक लहान गोल होता. तो पाच महिन्यांपासून तिथं होता. हजेरीतलं एखादं नाव रोज गैरहजर असलं की आपण पुढं ते वाचतही नाही, तसं माझं त्याच्या बाबतीत झालं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. लिहिलं होतं, 'आजोबा'.

टिचकी मारली तर पासवर्ड मागितला.

मी नवऱ्याला बोलावलं. नवऱ्यानं मामाजींना बोलावलं. मामाजी आले, पडद्याकडे पाहिलं आणि वर्गात कोणी शिट्टी वाजवल्यावर पाहायचे तसं आमच्याकडे पाहिलं.

"ते माझं खासगी आहे," ते म्हणाले. मामाजी घरातही पुस्तकी मराठी बोलतात. वऱ्हाडी ते फक्त ठेच लागल्यावर बोलतात.

"बाबा, सातशे जीबी हाय त्याच्यात!" नवरा म्हणाला.

"असेल."

आता सासूबाई उठून बसल्या. "या वयात खासगी? मी इथं समोर झोपते अन् तुमचं खासगी? कायचं हाय ते मले कळू द्या."

मामाजी पडद्यासमोर आडवे उभे राहिले. सासूबाईंनी डोळे पुसायला पदर हातात घेतला, पण डोळे कोरडेच होते, त्यामुळे त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मग मला सुचलं की आमच्या घरात नवा गोल काढू शकणारं माणूस एकच आहे, आणि ते नागपूरला आहे. मी लेकीला फोन लावला.

"अगं हो, ते मीच करून दिलं होतं उन्हाळ्यात," ती म्हणाली. "आजोबांना आत्मचरित्र लिहायचं आहे. डोळ्यांनी जमत नाही, म्हणून बोलून ठेवतात. पुरं होईपर्यंत कोणाला सांगू नको म्हणाले होते."

"आणि ते रोज बटण दाबतात?"

"बटण नाही दाबा लागत. त्यांना ते सापडत नव्हतं. म्हणून मी असं ठेवलं, की कोणी बोललं की आपोआप रेकॉर्ड होते, चूप झालं की थांबते. अन् आवाज चांगला यावा म्हणून सगळ्यात वरचा दर्जा ठेवला."

"कोणी बोललं की?"



"बापरे," लेक म्हणाली. "हो. कोणी पण."

मामाजींची समजूत मात्र वेगळी होती. ते रोज दुपारी, नवरा स्टँडवर, मी शाळेत आणि सासूबाई झोपलेल्या असताना, आपल्या गोलात शिरून खुर्चीत ताठ बसायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "सुरू." तासाभरानं म्हणायचे, "समाप्त." यंत्र आपली आज्ञा पाळतं असं त्यांना वाटे. साठ साठ पोरांचे वर्ग त्यांनी याच दोन शब्दांवर चालवले होते. 'समाप्त' म्हणून ते उठून जायचे, गोल मात्र आत जागाच राहायचा आणि आम्ही बाकीचे त्याच्यासमोर पाच महिने संसार करत होतो.

शेवटी मामाजी पासवर्ड टाकायला तयार झाले. अट अशी की सगळ्यांनी पाठ फिरवायची. आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. ते एका बोटानं टाइप करत होते, त्यामुळे बराच वेळ लागला. त्याच वेळी दुरुस्तीवाला नवीन डिस्कचा डबा घेऊन दारात आला आणि घरातली तीन माणसं भिंतीकडे तोंड करून उभी पाहून उंबऱ्यातच थबकला.

आम्ही त्याला सगळं सांगितलं. तो खूश झाला नाही, पण खुर्चीवरचा आपला हक्क त्यानं सोडला नाही. फोल्डर उघडलं. खालपर्यंत नुसत्या फायलीच फायली.

"कोणतं लावू?" त्यानं विचारलं.

"लावा कोणतंही. पाहू काय हाय ते," नवरा म्हणाला.

त्यानं गुरुवारची एक लावली. आधी चार थापा ऐकू आल्या. मग ब्लोअर. मग त्याचंच वाक्य, तो पिल्ले देते. "आवाज साफ आहे," तो कौतुकानं म्हणाला. मग आमची पावलं स्वयंपाकघराकडे जाताना ऐकू आली, आणि मग त्याचा आवाज, पण खालच्या पट्टीत, फोनवर बोलताना:

"नाही रे, डिस्क चांगली हाय. काहून भरली ते काही समजून नाही राह्यलं. पण नोकरीवाले हायेत दोघंबी. ते आपल्या दुकानात पडेल जुनी हाय ना, ते पुसून ठेव. अन् डबा नवा घे."

डबा त्याच्या मांडीवर होता. डबा खरंच नवा होता.

"इथं... जरा फाटून राह्यला आवाज," तो म्हणाला. मग त्याला एकदम आठवलं की दुसऱ्या एका ठिकाणी त्याला बोलावलं आहे. चहा न घेता गेला, डबा घेऊन गेला. ब्लोअर मात्र गुरुवारी विसरला होता, तो आजही विसरला. दिवाळीच्या सफाईला आम्हाला तो फार उपयोगी पडला.

तो गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. मामाजीसुद्धा हसले. आणि त्या हसण्याच्या भरात नवऱ्यानं पुढची फाइल लावली.

त्यात मी होते. बहिणीशी बोलत होते. "सासूबाईंचे गुडघे ना, पाहुणे आले की दुखतात. पाहुणे फाट्यापर्यंत गेले की थांबतात."

सासूबाई पलंगावर होत्या. त्यांनी पाय हळूच जवळ घेतले. नवऱ्यानं घाईनं ती बंद करून दुसरी लावली, तर तिच्यात सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "सून शिकेल हाय, तसं काही म्हणणं नाही. पण पोळीची अन् तिची काही ओळख नाही पाह्य."

नवऱ्यानं तिसरी लावली. कदाचित वातावरण निवळेल म्हणून. तिसरीत तो स्वतः होता. आधी भयंकर खोकला. मग, "साहेब, एकशे दोन ताप हाय, उठवत नाही." मग फोन ठेवल्याचा आवाज, आणि ठणठणीत गळ्यानं, "अवो, भजे झाले काय?"

"बंद कर," मामाजी म्हणाले.

त्या दिवशी पोळ्या सासूबाईंनी केल्या. मी वाढल्या. त्या चांगल्या झाल्या होत्या, आणि तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ताट उचलता उचलता सासूबाईच म्हणाल्या, "गुडघे खरंच दुखतात वं. पाहुणे आले म्हंजे कामच जास्त पडते, म्हणून तवा जास्त दुखतात." मी हो म्हटलं. आणि ते खरं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. पाहुणे आले की मी शाळेत असते.

दुपारी सगळ्यांचं एकमत झालं, अख्खं फोल्डर आत्ताच्या आत्ता पुसायचं. आमच्या घरात एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग. नवऱ्यानं बोट उचललंही.

"थांबा," मामाजी म्हणाले. "त्यात माझं आयुष्य आहे."

हे कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. आमचे कुकर, आमचे खोकले, भाजीवाल्याशी घासाघीस, सासूबाईंची मालिका, या सगळ्यात कुठंतरी एका माणसाचं आत्मचरित्र पडलेलं होतं. बराच वाद होऊन तोडगा निघाला. कामाच्या दिवशीच्या दुपारी दोन ते चारमधल्या फायली ठेवायच्या, बाकी न ऐकता पुसायच्या. ठेवलेल्या ऐकून मामाजींचं तेवढं मी लिहून काढायचं, कारण मी मराठीची शिक्षिका. शिवाय घरात हेडफोन एकच, माझा.

पुसायला अर्धा तास लागला. नवऱ्यानं पडद्यावर हिरवी पट्टी सरकताना पाहिली आणि शेवटी स्टँडवरच्या आवाजात म्हणाला, "साडेसहाशे जीबी, सुटली."

मग पंधरा-वीस दिवस मी शाळेतून आल्यावर मामाजींना ऐकत होते. 'सुरू' म्हटल्यावर त्यांचा आवाज झेंडावंदनाचा व्हायचा. आणि त्या आवाजामागं, पलंगाच्या बाजूनं, आणखी एक बारीक आवाज होता. सासूबाई दुपारी झोपत नव्हत्या. डोळे मिटून पडून राहायच्या आणि ऐकायच्या. त्या रविवारी त्यांच्या हातातला पदर कोरडा का राहिला, ते मला आता कळलं. मामाजींचा अधू कान पलंगाकडे, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

"अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत मी शिक्षण घेतलं," मामाजी सांगत.

"दोन बैलजोड्या होत्या घरी. हलाखी कायची?" मागून आवाज येई.

"विवाहात मी कोणतीही भेट स्वीकारली नाही."

"घड्याळ घेतलं. अन् कोट."

"पत्नी अल्पशिक्षित, परंतु आयुष्यभर तिनं मला मूक साथ दिली."

इथं बराच वेळ मागून काही आलं नाही. मग एकच शब्द आला. "मूक!"

मी सगळं उतरवलं. दोन्ही आवाज उतरवले. शिक्षिका म्हणून मला वाटलं, मजकूर आहे तसा लिहावा. सून म्हणून वाटलं, बघू काय होतं.

एका शनिवारी दुपारी मी त्यांना वाचून दाखवायला बसले. मामाजी चांगला कान माझ्याकडे करून, सासूबाई खाली तुरीच्या शेंगा सोलत. हलाखीला मामाजींच्या कपाळावर आठी पडली. कोटाला ते खुर्चीत सरकून बसले. 'मूक' मी जरा भरभर वाचलं. मग त्यांच्या पहिल्या नोकरीचा भाग आला. कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची शाळा, आणि रोज जाऊन-येऊन बारा मैल जंगलातून पायी. हा बारा मैलांचा प्रसंग आम्ही घरात प्रत्येक सणाला ऐकला आहे. लेकीनं तर त्यावर शाळेत भाषण करून बक्षीस आणलं होतं.

त्याखाली सासूबाईंचं होतं, ते मी वाचलं. "सायकल होती. माह्या भावाची. त्यानं ते तुमाले देली अन् दोन वर्सं स्वतः पायी कॉलेजात गेला."

सासूबाईंचे हात थांबले नाहीत, पण मान वर झाली नाही.

"होय," शेवटी मामाजी म्हणाले. "सायकल होती. मी विसरलोच होतो थे."

"विसरले नाही तुमी," सासूबाई शेंगांकडे पाहत म्हणाल्या. "सांगितलं नाही."

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. लग्नाला पंचावन्न वर्षं झालेल्या माणसाला बायकोनं खोटारडा ठरवल्यावर तो कसा दिसतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. लहान दिसतो. मला वाईट वाटलं, आणि आपण कशाला हा उद्योग केला असंही वाटलं.

"लिहून घे, सूनबाई," ते म्हणाले. "सायकल होती. कोणाची होती तेबी लिही. अन् त्याले फोन लाव."

सासूबाईंचे भाऊ पुसदला असतात. त्यांनाही कमी ऐकू येतं, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला. मामाजी खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुझ्या सायकलीचा उल्लेख मी माझ्या आत्मचरित्रात करतो आहे. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"काय करून राह्यले?"

"सायकल! तुही सायकल! पुस्तकात लिहून राह्यलो!"

"अच्छा, सायकल," पुसदहून आवाज आला. "हो, ते वापस नाही केली जी तुमी."

सासूबाई शेंगांच्या टोपल्यावर ओणव्या होऊन इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मामाजींनी फोनकडे एकदा पाहिलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "पुढचं वाच."

आता ते आपोआपचं रेकॉर्डिंग काढून टाकलं आहे. बटण दाबल्याशिवाय काही रेकॉर्ड होत नाही आणि बटण सासूबाईंच्या ताब्यात आहे. सुरुवातीचे काही दिवस आम्ही सगळेच घरात फार सभ्य बोलत होतो. नवरा साहेबांना फोन करायला कंपाउंडच्या बाहेर जायचा. मी बहिणीशी हवापाण्याबद्दल बोलायचे. तिला वाटलं माझी तब्येत बरी नाही. हळूहळू गेलं ते.

आत्मचरित्राचं काम दुपारी दोघं मिळून करतात. मामाजी सांगतात, सासूबाई पलंगावर उठून बसून, उघड, ऐकतात. पाच मिनिटांचं सांगणं आणि अर्ध्या तासाचा वाद असं चालतं. मी शनिवारी उतरवते. सध्या ते शेतातली विहीर कोणत्या साली खोदली यावर आलेले आहेत आणि तीन आठवडे झाले, विहिरीला पाणी लागलेलं नाही.